सतरा मिनिटांची चढण

वारजेच्या टेकडीवर आमच्या ह्यांची चाळीस झाडं होती. टेकडी सरकारची, तिची राखण करणारी समिती आम्हा हौशी लोकांची, पण ती चाळीस झाडं ह्यांची, असं सगळेच म्हणत. करंज, कडुनिंब, दोन बहावे आणि एक हट्टी कांचन. तो तीन उन्हाळे वीतभरच्या वर सरकला नाही. टपाल खात्यातून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी टेकडी गाठली ती शेवटपर्यंत सोडली नाही. मंडईजवळच्या एका दुकानातून तेलाचे रिकामे कॅन मिळवले होते, पाच-पाच लिटरचे. दोन हातांत दोन कॅन भरून रोज सकाळी चढायचे. पुण्यात माणूस निवृत्त झाला की एकतर वर्तमानपत्राला पत्रं लिहितो नाहीतर टेकडी चढतो. आमचे हे दोन्ही करायचे.

मी कॉलेजात गणित शिकवत होते. त्यातही कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त काम कसं साधायचं, या प्रकारचं गणित माझ्या आवडीचं. घरात मात्र त्याचा उपयोग शून्य. गॅस वाचवायला कुकरमध्ये काय कशावर ठेवायचं हे मी सांगू लागले की हे म्हणायचे, "अगं, भात खायचाय, सिद्ध नाही करायचा."

टेकडीला दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. शिवरात्र झाली की गवत वाळून कुसळं पायाला टोचायला लागत आणि मग कुणाची विडी, कुणाची पार्टी, कुणाचा नुसता वात्रटपणा, काहीही पुरे व्हायचं. काही जण मुद्दाम लावत. जुनं गवत जाळलं की पावसाळ्यात नवं जोमानं येतं, अशी समजूत. समितीकडे पगारी राखणदार तीन, आणि देणग्या बेताच्या. तेव्हा राखणदार वाढवायचे की जाळरेषा रुंद करायच्या, यावर दरवर्षी बैठकीत भांडण. जाळरेषा म्हणजे हिवाळ्यातच गवत कापून, जाळून मोकळा केलेला पट्टा. वणवा तिथवर आला की खायला काही नसतं म्हणून थांबतो. एका बैठकीत वाद फारच चढला तेव्हा हे उठून म्हणाले, "माझ्या घरात गणिताची प्राध्यापिका आहे. तिलाच मांडू दे की."

घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी चिडलेच. "मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरं होतं. पण मला आतून आनंदही झाला होता, तो कशाला लपवू? तीस वर्षं मी कारखान्यांची आणि गोदामांची उदाहरणं फळ्यावर लिहिली होती. पहिल्यांदाच कुणीतरी खरी टेकडी हातात दिली होती.

गणित समजायला अवघड नव्हतं. वणवा लागू नये म्हणून आधी जो खर्च होतो तो एक. लागल्यावर विझवायला होतो तो दुसरा. आणि विझवूनही जे जळतं त्याचं नुकसान तिसरं. तिन्हींची बेरीज कमीत कमी कुठे होते ते शोधायचं. राखणीवर काहीच खर्च केला नाही तर सगळं जळतं, आणि वाटेल तेवढा केला तर झाडांपेक्षा राखणदार जास्त होतात. मधे कुठेतरी तो तळ असतो. त्यासाठी आग किती वेगानं पसरते आणि माणसं किती लवकर पोचतात, हे कळायला हवं. आगीचा परीघ वाढण्याच्या वेगापेक्षा माणसांचा झोडपण्याचा वेग जास्त असेल तर आग आटोक्यात येते, नसेल तर येत नाही. झोडपायचं म्हणजे गिरिपुष्पाच्या ओल्या फांद्यांनी. दुसरं साधन आमच्याकडे नव्हतं.

आगीचा वेग मोजायला आम्ही गच्चीत प्रयोग केले. एक जुना पत्रा विटांवर तिरका ठेवायचा, त्यावर वाळलं गवत पसरायचं, खालून काडी लावायची, आणि मी बुधवार पेठेतून आणलेलं थांबघड्याळ धरून उभी. हे बादली घेऊन सज्ज. पत्र्याचा चढ वाढवला की आग अशी धावायची की बादली उचलेस्तोवर वर पोचलेली. खालच्या मजल्यावरचे सद्गृहस्थ जिन्यातून ओरडले, "होळी यंदा पौषातच का?" हे म्हणाले, "हो, आणि वर्गणी तुमच्याकडेच बाकी आहे." त्या दिवसांत आम्ही जितके हसलो तितके लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही हसलो नसू. मला संसारात सोबती मिळालाय हे मला साठीच्या घरात गच्चीवरच्या पत्र्यापाशी नव्यानं कळलं.

मग माणसांचा वेग. पायथ्याच्या फाटकापासून ह्यांच्या झाडांपर्यंत चढायला किती वेळ लागतो ते मोजायचं होतं. हे म्हणाले, "मी चढतो, तू घड्याळ लाव." वरून हात हलवला तेव्हा सतरा मिनिटं झाली होती. मला माहीत होतं की हे बायकोसमोर भाव खातायत. खाली उतरल्यावर बराच वेळ बोलताच येईना, कट्ट्यावर बसून नुसते पाणी पीत होते. मी म्हटलं, "मी वीस धरते." तर म्हणाले, "जे मोजलं ते लिही. गणितात लाड नकोत." मी सतरा लिहिले.

आणि मग आकड्यावरून अडलेली दुसरी जागा आली. विझवायला येणाऱ्या स्वयंसेवकांचा खर्च. मी तिथे काहीतरी आकडा घातला होता, चहापोह्यांचा, जाण्यायेण्याचा. ह्यांनी कागद पाहिला आणि भडकलेच. "हे काय? आम्ही काय मजुरीवर आहोत? समितीसमोर हे वाचलंस तर माझी मान खाली जाईल. शून्य लिही." आमच्याकडे ही एक मिजास आहे. फुकट काम करायचं, आणि कुणी त्याची किंमत विचारली तर अपमान मानायचा. ती मिजास माझ्यातही आहे. मीही आयुष्यभर पोरांना घरी बोलवून फुकट शिकवलं आणि ते मिरवलं. म्हणून मला ह्यांचं म्हणणं पटलं. मी आधीचा आकडा खोडून शून्य लिहिलं.

शून्य लिहिल्याबरोबर उत्तर झटकन हललं. विझवायला माणसं फुकट आणि सतरा मिनिटांत हजर, मग तीन पगारी राखणदार हवेत कशाला? एक पुरे. उरलेल्या दोघांचे पैसे जाळरेषेत घाला, आणि कुणाला धूर दिसला की फोनची साखळी करा, एकानं तिघांना कळवायचं. बैठकीत मी हे आलेख काढून दाखवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. एकमत! आमच्या समितीत! हे मागच्या रांगेत बसले होते, ते माझ्याकडे न बघता सगळ्यांकडे बघत होते, कोण कसं ऐकतंय ते.

कमी केलेल्यांतला एक म्हातारा राखणदार दारापाशी चपला घालत होता. बाजूच्याच गावचा. तो मला म्हणाला, "बाई, हिशेब तुमचा बरोबर असंल. पर फुकटचा माणूस लई म्हागात पडतो. त्याला थांब म्हनायला कुनी नसतं. मला पगार हाय म्हून मुकादम मला मागं बोलावतो." मला वाटलं, नोकरी गेली म्हणून बोलतोय. मी सहानुभूतीनं हसले. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

पहिला उन्हाळा छान गेला. दोनदा आग लागली, दोन्ही वेळा फोन झाले, माणसं धावली, वीसेक पावलांत विझवली. समितीनं मला शाल-श्रीफळ दिलं. हे घरी येऊन म्हणाले, "नारळाची बर्फी कर, गणिताला गोड काहीतरी होऊ दे."

दुसऱ्या वर्षी होळीच्या आधी, दुपारी अडीचला फोन वाजला. जेवून आम्ही आडवे झालो होतो. ह्यांनी उचलला, "आलोच" म्हणाले, आणि बूट शोधायला लागले. वारजेच्या बाजूनं आग लागली होती, ह्यांच्या झाडांच्या खालीच. उरलेला एकमेव राखणदार टेकडीच्या पलीकडच्या अंगाला होता. आधीचा म्हातारा बसायचा तो नेमका याच बाजूला. मी म्हटलं, "अहो, ऊन बघा, टोपी तरी घ्या." ह्यांनी टोपी घेतली. दारातून वळून म्हणाले, "घड्याळ लाव गं!" आणि स्कूटरला किक मारून गेले. मी हसले. आणि खरंच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

पुढचं मला भाईंनी सांगितलं. भाई म्हणजे ह्यांचे टेकडीवरचे जोडीदार. रविवार पेठेत त्यांचं पिढीजात पुस्तकबांधणीचं दुकान. ह्यांच्या शेजारची रांग त्यांची. दोघं पाण्याचे कॅन घेऊन बरोबर चढत आणि वाटभर एकमेकांच्या झाडांना नावं ठेवत. त्या दिवशी दोघं फाटकापाशी एकदमच पोचले होते. "मी मागं राहिलो, वहिनी," भाई म्हणाले. "गुडघा दुखत होता. हाका मारल्या, थांबा म्हटलं, चौघं-पाचजण होऊ दे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं मला. हसले, आणि पुढं गेले."

हे वर एकटे पोचले. बाकीच्यांना अर्धा तास लागला. तोवर एका माणसानं, एका ओल्या फांदीनं आग आपल्या झाडांच्या रांगेत शिरू दिली नव्हती. मग वारा फिरला. माझ्या गणितात वारा होता, पण एकाच दिशेचा. गवत कमरेएवढं, चढ पत्र्यासारखा. आग खालून आली ती ह्यांच्या पायांवरून गेली. धूर छातीत भरला.

दवाखान्यात नऊ दिवस होते. बोलणं अवघड जात होतं. तिसऱ्या दिवशी मला खुणेनं जवळ बोलावून विचारलं, "किती?"

मला वाटलं मिनिटं विचारतायत. मी म्हटलं, "सतराच, अहो. सतराच लागली." मला काय माहीत किती लागली ते! पण तेच बोलले. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. झाडं विचारत होते. भाई मागे उभे होते, ते म्हणाले, "अकरा गेली. एकोणतीस उभी आहेत. तुमचा तो कांचनसुद्धा आहे." हे डोळे मिटून पडले. चेहऱ्यावर समाधान होतं, आणि मला त्याचा इतका राग आला की मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. एकोणतीस झाडं! मला एक माणूस पुरे होता.

नवव्या दिवशी पहाटे हे गेले.

लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे की टेकडीसाठी प्राण दिले, पुण्यवान माणूस. मी मान हलवायची. कुणाला सांगू की टेकडीसाठी नाही हो, माझ्या कागदातल्या दोन आकड्यांसाठी गेला? एका सतरासाठी आणि एका शून्यासाठी? तो माणूस स्वतःच सांगून गेला होता की गणितात लाड नकोत. पण लिहिणारा हात माझा होता. मला वीस लिहिता आले असते. पोह्यांचा तो आकडा तसाच ठेवता आला असता. मी तीस वर्षं मुलांना सांगत आले की उत्तर आलं की आधी त्याच्याकडे साध्या डोळ्यांनी बघा, ते शहाण्या माणसाला पटतंय का. स्वतः मात्र बघितलं नाही. दारापाशी चपला घालणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं बघितलं होतं.

दिवाळीनंतर समितीनं पुन्हा विचारलं, फार संकोचानं, की पुढच्या उन्हाळ्याचं काय. मी कागद काढले. स्वयंसेवकाच्या जागचं शून्य खोडलं आणि पेन हातात धरून बसले. काय लिहू? एका माणसाची किंमत काय घालू? आधी थोडी घातली. मग दुप्पट, दहापट. आकडा वाढवत गेले तसे राखणदार परत तीन झाले, चार झाले, सगळ्या झाडांभोवतीचं गवत उन्हाळ्याआधी कापावं असं यायला लागलं. आणि मग एका आकड्याच्या पुढे, कितीही मोठा घातला तरी, उत्तर एकच यायला लागलं. वाऱ्याच्या दुपारी आग लागली तर कुणीही वर जायचं नाही. जाळरेषेच्या आत जे आहे ते जळू द्यायचं.

मी तीनदा पुन्हा करून पाहिलं. चूक नव्हती. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ह्यांची खरी किंमत घातली की ह्यांची झाडं जळत होती. झाडं वाचवायची तर तिथे परत शून्य लिहायला हवं होतं.

बैठकीत मी तो नियम वाचला तेव्हा भाईच उठले. हा माणूस माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. "वहिनी, आम्ही खाली उभं राहून बघायचं? त्यांनी ज्यांच्यासाठी... ती एकोणतीस झाडं जळताना आम्ही नुसतं बघायचं?"

"हो," मी म्हटलं. "बघायचं. आणि फाटकावर मी उभी राहणार. कुणी वर गेलं तर आधी मला ढकलून जावं लागेल." मला आवाज आवरता आला नाही. नियम मंजूर झाला. समितीनं कमी केलेले दोन्ही राखणदार परत घेतले, पण सगळ्या टेकडीचं गवत उन्हाळ्याआधी कापायला माणसं अपुरी होती. वरच्या अंगानं सुरुवात केली. वारजेची बाजू शेवटी होती. त्या म्हाताऱ्याला बोलवायला मी स्वतः त्याच्या घरी गेले. त्यानं चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला.

चैत्रात, एका दुपारी, तेच झालं. तीच बाजू. म्हाताऱ्यानंच धूर पाहून फोन केला. मी रिक्षानं फाटकावर पोचले तेव्हा तो खाली उतरून आलेला होता, माझ्याच नियमाप्रमाणे. मग एकेक करत सगळे जमले, सातआठ जण, हातात फांद्या. वारा सुटला होता. आग अजून लहान होती, अंगणाएवढी. खालून बघताना कुणालाही वाटलं असतं, चला, आत्ता गेलो तर होईल. मलाही वाटलं. माझे पाय वरच्या वाटेकडे वळले होते. एकच वाक्य बोलायचं होतं, की जा. सगळे त्याचीच वाट बघत होते.

मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, "कुणीही वर जायचं नाही."

भाई माझ्यासमोर उभे. डोळ्यांत पाणी. "वहिनी, तुम्ही गणित करताय."

"हो. करतेय."

त्यांनी फांदी खाली टाकली. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, सवयीनं की कशानं कोण जाणे. ह्यांचंच घड्याळ होतं ते. सतरा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. आग रांगेपाशी आली. पहिला करंज पेटला, मग पुढचा. खालून मला कांचन दिसत नव्हता, पण तो कुठे आहे ते माहीत होतं, आणि ती जागाही लाल झाली. चारच्या सुमाराला आग जाळरेषेपाशी आली आणि आपोआप थांबली, कागदावर होती तशीच.

मग कट्ट्यावर भाईंनी मला कॅनमधलं पाणी दिलं. सकाळी झाडांना घालून उरलेलं होतं. मी प्यायले. कुणाच्या हाताला फोडसुद्धा आला नव्हता. सगळे आपापल्या पायांनी आपापल्या घरी गेले, काही जण माझ्याशी न बोलता, तोंड फिरवून. मला त्यांचा राग आला नाही. ह्यांनीही त्या दुपारी असंच परत यायचं होतं. हातपाय न धुता खुर्चीत बसून राहायचं होतं, पानावर वाढलेलं नको म्हणायचं होतं, आणि आठ दिवस माझ्याशी बोलायचं नव्हतं.